मे महिन्यातला बास

बुधवार, १० एप्रिल १९७४

हिशेबाच्या जुन्या वहीची शेवटची पानं कोरी राहिली आहेत. नवी वही जानेवारीतच सुरू झाली, मग या पानांचं काय करायचं? कागद वाया घालवणं मला जमत नाही. म्हणून ठरवलं, काही सांगण्यासारखं घडलं की इथं लिहायचं. न घडलं तर गप्प बसायचं. या गावात दुसरं कोणाला ते जमत नाही.

आज पेनसिल्व्हेनिया सरकारचा माशांचा ट्रक आला. गावातले निम्मे पुरुष कामधंदा टाकून बादल्या घेऊन क्रायडरच्या ओढ्यावर पळाले. ओढा म्हणजे केवढा, तर आमच्या परसामागून वाहतो आणि ऑगस्टात मी चपला हातात घेऊन पार करते. सरकारी हौदात खाद्याच्या गोळ्या खाऊन वाढलेल्या ट्राउट आज बादलीबादलीनं त्यात सोडल्या. येत्या शनिवारी सकाळी आठला हंगाम उघडतो, तेव्हा हेच लोक याच ट्राउट गळानं बाहेर काढणार. याला शिकार म्हणतात! उद्या मीही खुराडं उघडते आणि शनिवारी कोंबड्या धरून आणून सांगते, बघा, सगळं रान पालथं घातलं.

आमचा क्लेटस सगळ्यांच्या पुढे. शाळेची बस दुपारी उभी केली आणि घरी न येता थेट पुलावर. त्रेसष्ट वर्षांचा घोडा. बावीस वर्षं बस चालवतो, अजून दोन वर्षं काढली की पूर्ण निवृत्तिवेतन. दर ऑगस्टात शाळेतल्या नर्सच्या खोलीत बसवाल्यांचे डोळे, कान, रक्तदाब तपासतात, त्यात पास झालं की वर्षभर किल्ली हातात. म्हणजे दोन ऑगस्ट राहिले. मग खुशाल मरेपर्यंत गांडुळं ओवत बसावं.

गुरुवार, ११ एप्रिल

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी, म्हणजे आज, हिरवं खाल्लं की वर्षभर आजार येत नाही, असं आमच्याकडे मानतात. माझी आई मानायची, मीही मानते. क्लेटसला डँडेलियनचा कोवळा पाला आणायला धाडलं. चाळीस वर्षं आणतोय. आज टोपलीभर काय आणलं, तर जंगली चुका आणि गवत!

"अरे, हे काय गाईला घालू?" मी म्हटलं.

"सारखंच दिसतं गं."

"दिसतं सारखं! लक्ष ओढ्यात असलं की सगळंच सारखं दिसतं."

मी स्वतः जाऊन दहा मिनिटांत आणलं. कुंपणाशीच पिवळी फुलं डोलत होती, आंधळ्यालाही दिसली असती.

शनिवार, १३ एप्रिल

प्रभू कबरेत आणि गाव ओढ्यात. ईस्टरच्या आदल्या दिवशी, जेव्हा घर झाडून अंडी रंगवून मन शांत ठेवायचं, तेव्हा आमच्या परसामागे दीडशे माणसं खांद्याला खांदा लावून उभी. घड्याळाकडे बघतात, जणू स्वर्गाचं दारच उघडणार आहे. आठ वाजले आणि सगळ्यांनी एकदम गळ टाकले. पहिल्या पाच मिनिटांत एकमेकांच्या टोप्याच जास्त पकडल्या.

त्यात आमचे पाळक आयझेनहार्टसाहेबही. कमरेपर्यंत रबरी बूट चढवून पाण्यात. मी कुंपणावरून म्हटलं, "पाळकसाहेब, उद्याचं प्रवचन तयार आहे ना?"

ते हसून म्हणाले, "मिसेस हर्शनर, प्रभूचे पहिले शिष्य कोळीच होते!"

"होते ना. पण ते जाळी टाकून प्रभूच्या मागे गेले. तुम्ही लोक प्रभूला टाकून गळाच्या मागे आलात."

हसले. हसू देत. माझा धाकटा भाऊ अर्विनही तिथंच, क्लेटसला चिकटून. अर्विन शाळेत झाडलोट करतो, आणि सुट्टीच्या दिवशी झाडूनं लोटावी लागतील एवढी गांडुळं खणतो. क्लेटसचा गळ तोच बांधून देत होता. चाळीस वर्षं मासे धरतोय आणि गळ बांधायला मेहुणा लागतो.

पाच ट्राउट आणल्या. ट्राउटचा एकच गुण मी मान्य करते. तिचे खवले काढावे लागत नाहीत. पोट चिरलं, आतडी काढली, मक्याच्या पिठात घोळवली, संपलं.

बुधवार, २४ एप्रिल

संध्याकाळी क्लेटस तंगूस आणि गळांची डबी घेऊन माझ्या शिवणाच्या खुर्चीशी आला.

"एल्वी, एवढं ओवून दे. सहा पुरेत."

"का? हात मोडले?"

"बोटं आखडतात हल्ली. संधिवात."

सुईच्या नेढ्यात दोरा घालणं हे बायकांचं काम, हे तो आजवर अभिमानानं सांगायचा. आता गळाच्या नेढ्यात तंगूस घालणंही बायकांचंच झालं. ओवून दिले. बोटांना चोळायला कापराचं तेलही दिलं. ते त्यानं मुकाट्यानं चोळलं, पण वास येतो म्हणून ओढ्यावर जाताना साबणानं धुऊन टाकलं. मासे पळतील म्हणे. बायको पळाली तर चालेल.

माझी भांडी पुसायची दोन फडकी नाहीशी आहेत. मासा निसटू नये म्हणून हा ओल्या फडक्यात धरतो. नवं फडकं नेतो, जुनं नाही!

आणखी एक. मिसेस फानस्टॉकचा दारातला टपालाचा डबा बसचा धक्का लागून आडवा झाला. तिनं फोन करून अर्धा तास डोकं खाल्लं. क्लेटस म्हणाला, "रस्त्यात पुढे काढून लावलाय तिनं." मी तिला तसंच सुनावलं. त्या बाईला सगळंच पुढे काढायची सवय आहे, डबा असो की नाक.

शनिवार, ४ मे

आजची ट्राउट म्हणजे साळिंदर निघाली. तीन आणल्या, त्यातल्या दोन शहाण्यासारख्या चिरल्या गेल्या. तिसरीच्या पाठीला हात लावला तर काटा भसकन अंगठ्यात घुसला. आणि वर खवले! सुरी लावली तशी चारी दिशांना उडाले, सिंकमध्ये, खिडकीवर, माझ्या केसांत. अर्धा तास घासत होते. मांस मात्र घट्ट, गोड. खोटं कशाला बोलू?

जेवताना म्हटलं, "तुझ्या सरकारनं ट्राउटला आता काटे आणि खवले लावून पाठवायला सुरुवात केली वाटतं."

त्याच्या हातातला काटा-चमचा ताटातच थांबला. "कसले काटे?"

अंगठा दाखवला. तो अंगठ्याकडे बघायचं सोडून माझ्या कानाकडे बघत राहिला. मग विचारलं, "तोंड केवढं होतं?"

"माशाचं? तुझ्याएवढं. सारखं उघडं."

नेहमी हसला असता. आज उठून परसात गेला आणि बराच वेळ पंपाशी उभा राहिला. बढाई मारायला मोठा मासा मिळाला नाही म्हणून फुरंगटला असेल.

मंगळवार, १४ मे

दहा दिवस झाले, रोज ओढ्यावर जातो आणि रोज रिकाम्या परडीनं येतो. मी विचारलं.

"सोडून देतो."

"काय?"

"पकडतो आणि सोडून देतो. शहरातली माणसं करतात तसं. खेळ म्हणून."

म्हणजे घर झाडायचं आणि केर पुन्हा घरातच पसरायचा, खेळ म्हणून. या घरात आठवड्यातून दोन जेवणं ओढ्यातून येत होती, त्या एकाच आधारावर मी हा वेडेपणा चालवून घेत होते. मी सरळ सांगितलं, "उद्यापासून मासा आणणार नसशील तर काठी विकून टाक."

तो म्हणाला, "आणीन." माझ्याकडे न बघता म्हणाला. आजकाल तो माझ्या डोळ्याला डोळा देत नाही, कान नाहीतर खांदा बघतो. ज्याच्या मनात चोर त्याची नजर अशीच आडवी जाते, असं माझे वडील म्हणायचे.

शनिवार, १८ मे

मन चिंती ते वैरी न चिंती. इथं तर मनानंही चिंतलं नव्हतं.

मत्स्यखात्याचा रखवालदार डायबर्ट दुपारी ओढ्यावर होता. त्यानं क्लेटसची परडी उघडली. आत ट्राउट नव्हे, बास मासा! इथं शेंबडं पोरही जाणतं की ट्राउट एप्रिलपासून धरायची, बास जूनच्या मध्यापासून. मे महिन्यात बास घरट्यावर असतो, अंडी राखतो. त्या वेळी त्याला उचलणं म्हणजे अंड्यावरची कोंबडी कापणं. मला मासेमारीचं काही कळत नाही, पण एवढं कळतं.

अर्विननं सांगितलं, तो तिथंच होता. डायबर्टलाच अवघडल्यासारखं झालं. म्हणाला, "क्लेटस, अरे, हा बास आहे. चूक झाली ना? ट्राउट समजून?"

पळवाट दिली होती त्यानं! 'हो' म्हटलं असतं तर समज देऊन सोडला असता. आणि आमचा शहाणा पंधरा माणसांसमोर काय म्हणाला? "चूक कसली? चाळीस वर्षं मासे धरतोय. माहीत होतं मला बास आहे ते. खावासा वाटला, घेतला."

दंड झाला. दंडाचं मला एवढं नाही. चोरी करणारे असतात, पकडले गेल्यावर खोटं बोलणारे असतात. पण खोटं बोलायची सोय असताना चोरी मिरवणारा मी माझ्याच घरात पहिल्यांदा पाहिला.

त्याला विचारलं, "का?"

"तूच म्हणालीस ना, आण."

म्हणजे आता मीच!

रविवार, १९ मे

उपासनेत दानाची थाळी फिरवायला क्लेटस उठला. अठरा वर्षं फिरवतो. चर्चच्या मंडळाच्या अध्यक्षांनी त्याच्या कोपराला धरून हळूच बसवलं आणि थाळी दुसऱ्याकडे दिली. सगळ्या मंडळीनं पाहिलं. मिसेस फानस्टॉकनं तर नीट दिसावं म्हणून चष्मा पुसला.

घरी आल्यावर मी त्याला एवढंच म्हटलं, "जोवर तू देवासमोर आणि डायबर्टसमोर पश्चात्ताप करत नाहीस, तोवर माझा एक शब्द तुला ऐकू येणार नाही." आणि तोंड बंद केलं. काही सांगायचं झालं तर चिठ्ठी लिहीन. हायस्कूल पास झालेली मी आमच्या घरातली एकटी, त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे.

शुक्रवार, २४ मे

बोलत नाही म्हणून माझ्या चिठ्ठ्यांचीही किंमत नाही. सोमवारी लिहिलं, खुराड्याचा पत्रा ठोक. पत्रा तसाच. मंगळवारी लिहिलं, सूप फ्रीजमध्ये आहे, गरम करून घे. मी चर्चमधल्या बायकांच्या सभेहून परतले तर हा कोरडा पाव खात बसलेला. चिठ्ठी समोर, मिठाच्या भांड्याला टेकून! बुधवारी मोठ्या अक्षरांत लिहिलं, तर त्या चिठ्ठीवर कॉफीचा कप ठेवलान.

गुरुवारी अर्विन संध्याकाळी येऊन गेला, आणि आज बघते तर पत्रा ठोकलेला, नळाचं वायसर बदललेलं, सगळ्या चिठ्ठ्यांतली सगळी कामं एका दमात झालेली. माझ्या भावानं कान उपटलेले दिसतात त्याचे. अर्विनच्या हातून आयुष्यात एक तरी बरं काम झालं.

रविवार, २ जून

दोन आठवडे झाले. पश्चात्तापाचं नाव नाही. एकदा म्हणाला, "एल्वी, घर फार मोठं वाटतं गं असं." मी भांडी घासत होते, घासत राहिले. कांदेही चिरायचे होते, तेव्हा डोळ्यांचं काही विशेष नाही.

शुक्रवार, ७ जून

शाळा संपली. मुलांनी बसमधून उतरताना क्लेटसला एक कार्ड दिलं, सगळ्यांच्या सह्या असलेलं. त्यानं ते शेल्फवर उभं केलं, उलटं. मी सरळ केलं. चोराला कार्ड! पण मुलांना काय ठाऊक? बावीस वर्षांत बसमधलं एक मूल कधी खरचटलं नाही, हे मात्र त्याच्या बाजूनं लिहून ठेवते. देवाच्या वहीत दोन्ही बाजू असतात.

शनिवार, ८ जून

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळपासून झिमझिम. दुपारचे बारा झाले तरी हा ओढ्यावरून आला नाही. टेबलावर कालच्या तीन चिठ्ठ्या होत्या, त्याही गायब. जाऊन तोंडावर काही बोलणार नव्हते, पण समोर उभी राहणार होते, जळजळीत. चिखलात माझा चांगला कोट कशाला घालू? अर्विन आमच्या पडवीत विसरून गेलेला रेनकोट आणि टोपी चढवली. आम्ही दोघं भावंडं वडिलांवर गेलोय, उंच आणि रुंद खांद्यांची. त्याचा कोट मला बेताचा बसतो.

क्लेटस खालच्या डोहाशी होता. मी आठ-दहा पावलांवर थांबले. त्यानं मान वळवली, माझ्याकडे नीट बघितलं, निदान माझ्या खांद्याकडे, आणि म्हणाला,

"आलास? म्हटलं, आज बायकोनं सोडलं नाही की काय."

मला वाटलं, थट्टा करतोय. मी गप्प. वीस दिवसांची सवय.

"बरं झालं आलास. हे घे." खिशातून माझ्या तिन्ही चिठ्ठ्या काढून त्यानं हात पुढे केला. "कालच्या आहेत. वाचून दाखव. लवकर, जेवणाआधी केलेलं बरं. तिला वाटतं मी मुद्दाम करत नाही."

पावसाचे थेंब चिठ्ठ्यांवर पडत होते. माझं अक्षर. चांगलं टपोरं, शाळेत बक्षीस मिळालेलं.

"आणि अर्विन, ती पाचवी ओळ उतरवून आणलीस का? चार पाठ झाल्या. ऐक. ई. मग एफ, पी. मग टी, ओ, झेड. मग एल, पी, ई, डी. नर्सनं डोळे तपासायचा तक्ता बदलला नाही ना? सुट्टीत खोली झाडायला जाशील तेव्हा एकदा बघ. मधलं काही दिसत नाही रे आता. कडेकडेचं दिसतं. रस्त्याची कड दिसते, झाडं दिसतात. माणूस समोर आला की चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग." तो हसला, आणि ते हसणं मला ऐकवेना. "दोनच ऑगस्ट. लोक चोर म्हणतात, म्हणू देत. चोराला बस चालवायला देतात. आंधळ्याला देत नाहीत."

माझ्या अंगठ्यातला काटा जुना झाला, पण तिथंच पुन्हा टोचलं. चुक्याचा पाला. ओवून दिलेले गळ. माझ्या कानाकडची नजर. मिसेस फानस्टॉकचा डबा! त्या डब्याशी तिची जुळी नातवंडं रोज सकाळी बसची वाट बघत उभी असतात, लाल टोप्या घालून. मी त्या बाईला फोनवर सुनावलं होतं.

मी चिठ्ठ्या घेतल्या आणि पहिली वाचली. "खुराड्यात ओल आलीय. पेंढा बदल."

आवाज ऐकला आणि त्याच्या हातातली काठी पाण्यात गेली.

"एल्वी?"

"दुसरी. दुपारी बटाट्याचं सूप आहे. वेळेवर ये."

"एल्वी, ऐकून घे."

"तिसरी," मी म्हटलं, आणि तिसरी वाचता आली नाही. तिच्यात मी लिहिलं होतं, 'तुला लाज कशी वाटत नाही?'

मग आम्ही त्या ओल्या दगडावर बसलो. त्यानं सगळं सांगितलं. गेल्या शरद ऋतूत सुरू झालं. शहरात गुपचूप डॉक्टर दाखवला. उपाय नाही म्हणाला. ट्राउट आणि बास त्याला आता सावलीसारखे, सारखेच. फडक्यात धरतो म्हणून खवले लागत नाहीत, आणि घाईत डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला की बासचे काटे आडवे झोपतात. माझं साळिंदराचं बोलणं ऐकलं तेव्हा त्याला कळलं की आपण मे महिन्यातला बास घरी आणला. म्हणून तो सोडून द्यायला लागला. मग मी म्हटलं, आण.

"डायबर्टला 'चूक झाली' म्हणायचं होतंस."

"चाळीस वर्षांचा कोळी बास ओळखत नाही, एवढं एकदा कळलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कारण कळलं असतं."

"सोमवारी तू मिस्टर रोररकडे जाणार. शाळेच्या ऑफिसात, स्वतःच्या पायांनी. किल्ली देणार."

"दोन वर्षं, एल्वी. फक्त दोन. मी हळू चालवतो. रस्ता पायाखालचा आहे."

"फानस्टॉकच्या दारातला डबा कुठं होता?"

तो दगडावरचं शेवाळ नखानं खरवडू लागला.

"पुढे काढलेला होता का?"

"नाही," तो म्हणाला. "होता तिथंच होता." आणि थोड्या वेळानं, "मला आवाज आला तेव्हा कळलं. खाली उतरून हातानं चाचपलं. डबाच होता." मी विचारलं नाही, चाचपताना त्याच्या मनात काय होतं.

काठी डोहाच्या टोकाला अडकली होती. मी बूट काढून पाण्यात उतरले आणि आणली. पाणी बर्फासारखं. या पाण्यात हौसेनं उभं राहणाऱ्यांच्या डोक्यावर परिणाम झालेला असतो, हे माझं मत कायम आहे.

रविवार, ९ जून

अर्विनला मागच्या दारातच उभा केला.

"मेल्या, तुला लाज नाही? चाळीस पोरं मागे बसवून आंधळ्याच्या हाती बस?"

"ताई, त्यानं शपथ घातली होती."

"शपथ! आणि त्या फानस्टॉकच्या नातवंडांनी कोणाला शपथ घालायची?"

तो रडायला लागला. पन्नास वर्षांचा बाप्या. त्याला काकवी घालून भाजलेल्या पाईचा तुकडा दिला आणि घरी पाठवला. शिव्या द्यायचा पुरता हक्क मला तरी कुठं राहिला? अर्विनला सांगून कळलं होतं. माझ्यासमोर रोज तीन वेळा तो जेवायला बसत होता.

देवाकडे आज काही मागितलं नाही. मागणाऱ्यानं आधी बघायला शिकावं.

सोमवार, १० जून

किल्ली दिली. मी बाहेर बाकावर बसले होते. आत बोलणं थोडंच झालं. रोरर त्याला दारापर्यंत सोडायला आले, म्हणाले, "मिसेस हर्शनर, याला फार धाडस लागतं."

मी म्हटलं, "धाडस ऑक्टोबरातच केलं असतं तर जास्त बरं झालं असतं." क्लेटसनं माझा कोपर दाबला. रोररचा चेहरा उतरला. खरं बोललं की उतरतोच.

निवृत्तिवेतन कमी बसेल. किती, ते नव्या वहीत लिहीन. या पानांवर नको.

येताना पायी आलो. फानस्टॉकच्या दाराशी तो थांबला आणि नव्या डब्यावर हात फिरवला. मिसेस फानस्टॉक बाहेर आली. क्लेटसनं तिला सगळं सांगितलं, टोपी काढून, तिच्या कानाकडे बघत. त्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं शेवटपर्यंत ऐकलं. आत गेली आणि चेरीच्या मुरंब्याची बाटली घेऊन आली. माझ्या हातात देताना म्हणाली, "तुझा होत नाही एवढा गोड." आहेच तिचा जास्त गोड, साखर उधळते.

शनिवार, १५ जून

आज बासचा हंगाम उघडला. एप्रिलएवढी गर्दी नव्हती, पण वीसेक टाळकी होतीच. पाळकसाहेब, अर्विन, आणि पुलावर रखवालदार डायबर्ट.

मासे धरायला सरकारचा परवाना लागतो आणि तो टोपीला लावावा लागतो. चिखलात उभं राहायची परवानगी विकत घ्यायची, यापेक्षा मूर्खपणा शोधून सापडणार नाही. मी घेतला. मला गळाची काठी हातात धरावी लागली तर डायबर्टच्या तोंडी लागायला नको, एवढ्यासाठी. चर्चला जायच्या टोपीलाच लावला, माझ्याकडे दुसरी नाही.

आम्हाला बघून बायाबापड्यांसारखी कुजबुज सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, "क्लेटस, आज तरी कायद्यानं धर बाबा!" हशा.

मी वळले. "हसा. त्या दिवशी तुम्ही पंधराजण इथं होतात ना? माझ्या नवऱ्याला बास आणि ट्राउट यांतला फरक दिसला नाही, कारण त्याला दिसत नाही. तुम्हाला सगळं दिसतं, आणि तुमच्यापैकी एकालाही, माझ्यासकट, हे दिसलं नाही. तेव्हा कोण आंधळं ते ठरवा आणि मग हसा."

डायबर्टनं टोपी काढून हातात घेतली. पाळकसाहेब पाण्यातून चालत आले आणि क्लेटसला म्हणाले, "उद्या थाळी तुम्हीच फिरवाल ना? रांगा पाठ आहेत तुम्हाला."

"मी सांगीन त्याला कोणी किती टाकलं ते," मी म्हटलं. मग लोक हसले, पण वेगळे.

क्लेटस नेहमीच्या खडकावर उभा राहिला, मी मागे. "डावीकडे फांदी आहे. दोन हात उजवीकडे टाक. जास्त झालं. आता बरोबर."

"हुकूम सोडायला बरी जागा मिळाली तुला," तो म्हणाला.

तासाभरानं तंगूस ताणला गेला. त्यानं मासा कडेला आणला. मी फडकं काढून घेतलं, नको म्हटलं, उघड्या हातानं धर. त्यानं धरला आणि शेपटीकडून डोक्याकडे अंगठा फिरवला. पाठीवरचे काटे एकामागून एक उभे राहिले.

"बास," तो म्हणाला.

"बास," मी म्हटलं.

मग त्यानं माझा अंगठा धरून तसाच फिरवून दाखवला. आधी खरखरीत, मग टोचणारं. मासा जोरात आपटला आणि माझ्या चांगल्या टोपीवर चिखल उडाला. तो डाग निघणार नाही.

संध्याकाळी खवले काढायला अर्धा तास गेला. खिडकीवर अजून दोन चिकटलेत. जेवताना मी आज मिसेस फानस्टॉकच्या जुळ्यांबद्दल बोलले, नव्या बसवाल्याबद्दल बोलले, टोपीबद्दल तर फारच बोलले. तो ऐकत होता. माझ्या कानाकडे बघत. तिथून माझा चेहरा दिसतो त्याला, कडेनं. आता कळलं.

उद्या रविवार, ओढ्याचं नाव नाही. सोमवारसाठी गळ ओवून डबीत ठेवले. सहा त्याचे. तंगूसाचा एक तुकडा उरला होता, वाया जाऊ नये म्हणून सातवाही ओवला.